रायने नावाचं गाव कुठेही नाही

आक्का,

तुझ्या शोकसभेत एक वक्ता उठला आणि म्हणाला, "खानापूर तालुक्यातल्या रायने या खेड्यातून आलेली ही लेक पत्रकारितेत एवढी मोठी झाली." लोकांनी माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. उठून सांगायला हवं होतं की असं गाव खानापूर तालुक्यात नाही, बेळगाव जिल्ह्यात नाही, कर्नाटकात नाही आणि महाराष्ट्रातही नाही. पण शोकसभेत दुरुस्ती छापायची सोय नसते. मी बसून राहिलो आणि चहा न घेता खडेबाजारातून चालत घरी गेलो.

राग त्या वक्त्यावर नव्हता. आपल्याकडे तुझ्या रायनेकरसारखं आडनावाच्या शेवटी 'कर' ऐकू आलं की माणूस पुढे विचार करत नाही, आधी गाव शोधतो. तो बोलला ते सवयीने बोलला. राग तुझ्यावर होता आणि अजून आहे. एका ओळीत तू हे सगळं थांबवू शकली असतीस. वर्तमानपत्राची पानं तुझ्या हाताखाली होती. लिहिणारा तुझ्यासमोरच्या खुर्चीत बसत होता. तू त्याला, म्हणजे मला, लिहू दिलं नाहीस.

गेलेल्या माणसावर रागवू नये अशी पद्धत आहे. हे वाक्य तू कापलं असतंस. समासात लिहिलं असतंस, "कुणाची पद्धत? नाव दे."

गावाचा शोध तुझ्या वडिलांनी घेतला होता. ती गोष्ट तू डेस्कवर सांगायचीस तेव्हा पानं लावणारेसुद्धा खुर्च्या फिरवून ऐकायचे. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणारे तुझे वडील सुट्टी मिळाली की मूळ गाव शोधायला निघायचे. त्यांनी आपल्या वडिलांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, कितीदा तरी विचारलं होतं. आजोबांचं उत्तर ठरलेलं. "लांब हाय. जाऊन येन्यासारखं न्हाई."

एकदा वडील रेल्वेने लोंढ्याला उतरले आणि जंगलातल्या वस्त्या पालथ्या घालत फिरले. एका म्हाताऱ्याने त्यांना मोकळं उत्तर दिलं. "रायने व्हय? हुतं की. पटकीत उठलं." त्याने एक ओसाड जागाही दाखवली. चार जोती आणि एक शेंदूर गेलेला दगड. वडिलांनी दगडापुढे नारळ फोडला आणि धोतराच्या सोग्यात माती बांधून आणली. आजोबा अंगणात बसले होते. त्यांनी माती बघितली, "बरं झालं" म्हणाले आणि आत गेले.

पुढे घराने धम्म स्वीकारला, देव्हारा उतरवला, पण ती माती टाकायला कुणाचा हात होईना. तुझ्या आईने ती जास्वंदीच्या कुंडीत ओतली.

"जास्वंद मातूर झकास आली बघ," तू म्हणायचीस. "कुनाच्या गावची माती हुती कुनास ठाऊक!"

सगळे हसायचे. तू सगळ्यात जोरात. मीही हसायचो, कारण तेव्हा मला ती फक्त फसलेल्या शोधाची गोष्ट वाटायची. आजोबांचं "बरं झालं" मला फार उशिरा ऐकू आलं.

मी डेस्कवर आलो तेव्हा तालुक्यांची पानं तुझ्याकडे होती. मी तुला "आक्का, तुम्ही" म्हणालो. तू मान वर न करता म्हणालीस, "आक्का म्हनतोस आनि तुम्ही बी म्हनतोस. येक कायतरी ठरीव." मी ठरवलं.

माझी पहिली बातमी शेतातल्या वाटेवरच्या अतिक्रमणाची होती. माझ्याच गावाशेजारची, पिरनवाडीच्या पलीकडची, म्हणून मला सगळं माहीत आहे असं वाटत होतं. तू ती वाचलीस आणि परत सरकवलीस.

"आनि दुसरा काय म्हनतो?"

"तो घरी नव्हता."

"मग बातमी बी घरी न्हाई. जा."

मी गेलो. तो घरी होता. त्याच्याकडेही सांगण्यासारखं होतं आणि बातमी उलटी झाली. त्या दिवसापासून दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेतल्याशिवाय मी ओळ लिहिलेली नाही. हा नियम तू मला दिलास आणि नंतर त्याच नियमाने माझे हात बांधलेस.

नावं दुरुस्त करण्यात तुझा हात धरणारा कुणी नव्हता. पोलिसांची टिपणी इंग्रजीत यायची, कचेरीची कानडीत, वार्ताहराची मराठीत, आणि एकाच माणसाची तीन आडनावं व्हायची. आम्ही तिन्हींतलं बरं दिसणारं घ्यायचो. तू आधी विचारायचीस की लिहिणारा कोण, त्याने कुणाकडून ऐकलं, ऐकणाऱ्याची घरची भाषा कुठली. "चूक करनारा कळला की चूक सापडती," म्हणायचीस आणि फोन फिरवायचीस. आमच्याकडे लाल पेनं होती. तू शिसपेन्सिलीने काम करायचीस. कारण विचारलं तर "खोडता येतं" एवढंच सांगायचीस.

मग जर्मनीहून उर्सुलाचा ईमेल आला. वर्तमानपत्राच्या कार्यालयाला लिहिलेला, बहुधा आणखी दहा ठिकाणीही तोच पाठवलेला. निवृत्त बाई, घराण्याचा इतिहास लिहीत होती. तिच्या पणजोबांचा भाऊ मिशनच्या कौलांच्या कारखान्याचा कारागीर म्हणून इकडे आला होता आणि बेळगावात वारला होता. त्याची कबर घरातल्या दोन पिढ्यांना सापडली नव्हती. आडनाव, राइनेकर.

संपादकांनी तो कागद छापून तुझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आक्का, तुमच्या गावचं कुणीतरी जर्मनीत निघालं."

सगळे हसले. तू हसली नाहीस. तू ते नाव पेन्सिलीने अधोरेखित केलंस, मग खिडकीबाहेर बघत बसलीस. वडिलांचं गाव तिथेच संपलं. वर्षानुवर्षं सगळ्यांना हसवणारी तुझी गोष्ट पुन्हा कधी तू सांगितली नाहीस.

उर्सुला थंडीत आली. कॅम्पातल्या जुन्या कबरस्तानात आपण तिघं गेलो. राखणदाराने तुला बघून विचारलं, "कंचा सायेब पायजे बाई? हितं समदं सायेबच हाईत."

"नाव चुकलेला," तू म्हणालीस.

"मग समदंच घ्या की."

उर्सुलाकडे तिच्या आडनावाची सगळी शक्य रूपं होती. कोणतं इंग्रज कानाने ऐकलेलं, कोणतं फ्रेंच वळणाचं, असं तिने नीट मांडलं होतं. त्यातलं एकही दगडावर नव्हतं. तू तिला विचारलंस, "दगड कोणी घडवला?" तिला प्रश्न कळला नाही. तू तुझ्या सावकाश, स्वच्छ इंग्रजीत समजावलंस. इथला पाथरवट इंग्रजी वाचणारा नव्हता. तो अक्षर ऐकत नव्हता, बघत होता. कारकुनाने कागदावर जे लिहून दिलं त्याचं त्याने चित्र काढलं. उच्चार सोडून द्या, आकार शोधा. एखादी रेघ कमी असेल, एखादी गोलाई मिटलेली असेल.

दुपार व्हायच्या आत दगड सापडला. नाव कुणालाच वाचता आलं नसतं असं होतं. पण अक्षरांची संख्या बरोबर होती, पहिलं आणि शेवटचं अक्षर बरोबर होतं आणि वय जुळत होतं. उर्सुला गवतात बसली आणि रडली. तू तिची टोपी हातात घेऊन बाजूला उभी होतीस. दगडाकडे तू बघत नव्हतीस.

संध्याकाळी ती तुझ्या निपाणीच्या घरी जेवली. भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी. तिने हाताने खाल्लं आणि चटणीने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तू साखर आणून दिलीस. मग तू सांगितलंस. पणजीच्या काळात कुणी साहेब होता एवढं घरात दबक्या आवाजात बोललं जायचं, त्याचं नाव तुला त्या ईमेलने दिलं होतं. तुझी पणजी गंगव्वा याच माणसाच्या बंगल्यात होती. तिला दोन मुलं झाली, त्यातला मोठा म्हणजे तुझे आजोबा. साहेब तापाने गेल्यावर ती मुलांना घेऊन निपाणीला आली आणि वखारीत लागली. मुलगा मोठा होऊन तिथेच कामाला गेला तेव्हा मुनशीने त्याचं आडनाव विचारलं. त्याने बापाचं सांगितलं. मुनशीला ते गाव वाटलं, त्याने तसं लिहिलं.

उर्सुलाने तुझा हात हातात घेतला. "बहीण" या अर्थाचा शब्द वापरला. मी तिथे होतो.

मग पुस्तक आलं. जाड कागद, रंगीत छायाचित्रं, कबरीचं पानभर चित्र. आभारांत तुझं नाव होतं आणि त्यात तुझं आडनाव चुकलेलं होतं. बिघडलेली आडनावं शोधण्यावर ज्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, त्या पुस्तकात. त्या कारागिराबद्दल दोन वाक्यं होती. बेळगावात अविवाहित मरण पावला. पुढे त्याच्या घरातील नोकरांनी हे आडनाव घेतले असे दिसते.

तू ते पान माझ्यासमोर ठेवलंस. 'असे दिसते' या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात तुझ्या अक्षरात, "कुणाला दिसलं?"

तू तिला लिहिलंस. तुला पैसे नको होते, नातं नको होतं, जर्मनीचं आमंत्रण नको होतं. पुढच्या आवृत्तीत एक ओळ हवी होती. गंगव्वाचं नाव आणि ती त्याच्या मुलांची आई होती, एवढंच. उत्तर सभ्य होतं. चर्चमध्ये लग्नाची नोंद नाही, मुलांच्या बाप्तिस्म्याची नाही. लेखी पुरावा नसलेली शाखा घराण्याच्या वृक्षात घेता येत नाही. हे तुम्ही पत्रकार असल्याने समजून घ्याल.

तू त्यांना त्यांचा माणूस शोधून दिलास. त्यांनी तुझी बाई परत पाठवली.

आणि तरीही तू त्यांची कामं करत राहिलीस. उर्सुलाच्या ओळखीतली आणखी घराणी होती, त्यांचीही माणसं धारवाडपासून इकडे पुरलेली होती. तिची विचारणा आली की तू चष्मा पुसून बसायचीस. मी एकदा तुझ्या हातातला कागद ओढला.

"कशाला करतेस हे?"

"त्या मेलेल्यांनी माझं काय वाकडं केलंय?"

"जिवंतांनी केलंय."

"मग जिवंतांवर राग धर की. मी कुटं आडवलंय?"

मी धरला. तुझाही त्यात वाटा आहे, कारण तुझ्याकडे पुरावा होता आणि तू तो दिला नाहीस.

मला तो कधी कळला ते सांगतो. सहा डिसेंबरचं पान लागत होतं. महापरिनिर्वाण दिनाच्या गर्दीची छायाचित्रं निवडत होतो. तू पर्समधून एक नवी पेन्सिल काढलीस आणि टोक करत म्हणालीस, "ही माझ्या चपलेतली हाय."

मला वाटलं चेष्टा आहे. तू सांगितलंस ते असं. लहानपणी डिसेंबरच्या पाच तारखेला संध्याकाळी आजोबा मुलांना चपला घासायला लावायचे. तेल लावून चकचकीत. मग प्रत्येकाची एक चप्पल उंबऱ्यावर ठेवायची, डावी. उजवी नाही. सकाळी त्या डाव्या चपलेत गूळ-शेंगदाणे असायचे. कारण कुणाला माहीत नव्हतं. गंगव्वाने मुलांसाठी केलं, तिच्या मुलाने नातवंडांसाठी केलं. पुढे निपाणीत सहा डिसेंबरला मोठी सभा व्हायला लागली तेव्हा तुझे वडील म्हणाले, "ह्या दिवशी गोड न्हाई."  त्या वर्षी चपलेत गूळ नव्हता, पेन्सिल होती. तेव्हापासून पेन्सिलच. आजोबा आणि वडील गेल्यावर तू स्वतःच स्वतःसाठी ठेवायचीस.

मी म्हणालो, "आक्का, ही तिकडची रीत आहे. जर्मन मुलं त्याच रात्री बूट बाहेर ठेवतात. हे मिशनऱ्याने शाळेत शिकवलेलं नाही, चर्चमधलं नाही. हे बाप घरात करतो. हे उर्सुलाला सांग."

तुझा चेहरा मी पूर्वी तसा पाहिला नव्हता.

"चपलेचं सांगू? त्येंला? पुस्तकात छापायला?"

मग तू शाळेचं सांगितलंस. पहिलीत होतीस. सकाळचा गूळ खिशात घालून नेलास, शेजारच्या मुलीला अर्धा दिलास आणि आनंदाने सांगितलंस की तो कुठून आला. ती थुंकली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. "चपलंत खात्यात ही लोकं," असं वर्गाच्या दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मास्तरांनी तिला गप्प केलं नाही. त्यांनी तुला खिडकीजवळ वेगळं बसवलं. चौथीपर्यंत तुला शाळेत 'चपली' म्हणत होते.

"त्येंनी नोकर लिवलंय," तू म्हणालीस. "बरं लिवलंय म्हनायचं. नोकर तरी हातात घेऊन खातो."

मी म्हणालो की मग मी लिहितो. आपल्या पानावर, मराठीत, इथल्या लोकांसाठी. गंगव्वा कोण होती ते.

"त्येंची बाजू घेतलीस?"

"नाही."

"मग कसं छापशील? माझ्या हाताखाली काय शिकलास?"

"मग विचारतो त्यांना."

"मी विचारनार न्हाई आनि तू बी न्हाई. मी जित्ती हाय तवर चपलेचा शब्द काढलास तर ह्या खुर्चीत बसू नकोस."

असा तू सापळा लावलास. दुसऱ्या बाजूशिवाय छापायचं नाही आणि दुसऱ्या बाजूला विचारायचं नाही. मी खुर्ची सोडली नाही. पण त्यानंतर प्रत्येक सहा डिसेंबरला आपण दोघं एकमेकांशी कमी बोललो.

तेव्हा मी तुला जे म्हणालो नाही ते आता म्हणतो. तुला लाज वाटायची ती चुकीच्या गोष्टीची. गंगव्वाला ज्या गल्लीतून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागायच्या ती गल्ली तूच मला निपाणीत दाखवली होतीस. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत. पायात घालायची ज्या बाईला मुभा नव्हती, ती आपल्या मुलांच्या चपला तेल लावून उंबऱ्यावर ठेवत होती आणि त्यांत गूळ घालत होती. यात थुंकण्यासारखं काय होतं? थुंकणाऱ्या मुलीचं नाव तू मला कधी सांगितलं नाहीस. त्या मास्तरांचंही नाही. उर्सुलाच्या वृक्षातलं एकेक नाव तू जागेवर लावलंस आणि ज्यांनी तुझं तोंड कायमचं बंद केलं त्यांची नावं झाकून ठेवलीस. डेस्कवर हे मी केलं असतं तर तू पान परत पाठवलं असतंस.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात आलो तेव्हा तू डोळे उघडून म्हणालीस, "भांडायला आलास?"

"नाही."

"मग कशाला आलास?"

मी संत्री आणली होती. ती खिडकीत ठेवली. तू विचारलंस पान गेलं का, मी हो म्हणालो. तुझे घारे डोळे तेवढेच राहिले होते. तू म्हणायचीस, हे डोळे बघून घरमालक जात विचारायचे विसरायचे आणि आडनावात कर असल्यावर तर झालंच. तेही तू हसत सांगायचीस. त्या दिवशी मला कळलं की तू हसत सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी तपासून घ्यायला हवी होती.

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर तुझा धाकटा भाऊ प्रकाश माझ्याकडे आला. इंजिनिअर माणूस, मोजकं बोलणारा. त्याने विचारलं, "तुम्ही आता ते जर्मन प्रकरण लिहिणार?"

"विचार आहे."

"आमची पणजी साहेबाची ठेवलेली होती, असं छापणार? मुलगी माझी शाळेत जाते, साहेब. लोक काय वाचतील ते ठाऊक आहे तुम्हाला."

त्याचं चुकलं नव्हतं. त्यांच्या पुस्तकात गंगव्वासाठी 'नोकर' हा शब्द होता, आपल्या गावात 'ठेवलेली' हा. तिसरा शब्द कुणाकडेच नव्हता. मी त्याला म्हणालो, तुम्ही नको म्हणाल तर लिहिणार नाही. मग तुझ्यावरचा राग अजून वाढला. कारण मला दिसलं की तू मला अडवत होतीस तेव्हा ह्यालाही राखत होतीस, आणि हे मला कधी सांगितलं नाहीस.

पाच डिसेंबरला संध्याकाळी मी त्याच्या पिरनवाडीच्या घरी गेलो. तुझ्या टेबलाच्या खणात राहिलेला चष्मा द्यायचा होता. नवीन घर, दारात रांगोळीचा दगड, बाजूला कुंडीत जास्वंद. उंबऱ्यावर शाळेचा एक काळा बूट होता. पॉलिश केलेला. लहान मुलीचा, डावा.

प्रकाशने दार उघडलं. मी बूट पाहिला हे त्याने पाहिलं. 

"दर वर्षी आक्का फोन करून आठवण करायची," तो म्हणाला. "ह्या वर्षी नाही आला फोन. तरी पोरीने ठेवला आपणहून."

मी चष्मा दिला. निघताना तो मागून म्हणाला, "छापा. पण नीट छापा. आक्काला आवडेल तसं नको, आक्काने छापू दिलं असतं तसं."

मग मी उर्सुलाला फोन केला. तू नको म्हणाली होतीस, पण तुझी बंदी तू जिवंत असेपर्यंतची होती. तुझेच शब्द आहेत ते. अट घालताना तू मुदत घातलीस, आक्का, आणि तुझ्यासारखी बाई शब्द चुकून घालत नाही असं धरून मी चाललो आहे.

तुझी बातमी ऐकून ती रडली. मी थांबलो. मग तिला सांगितलं की पुस्तकातल्या दोन वाक्यांबद्दल मी लिहितो आहे, त्यावर तिचं म्हणणं हवं. ती सावध झाली. पुराव्याबद्दल आधी लिहिलं तेच बोलली. मी म्हणालो, एक रीत सांगायची आहे. डिसेंबरच्या पाच तारखेला या घरात मुलं एक चप्पल घासून उंबऱ्यावर ठेवतात.

ती म्हणाली हे तर सगळ्या जर्मनीत करतात. घरातल्या नोकरांनी बघितलं असेल आणि उचललं असेल. बोलणं बरोबर होतं, मी ते लिहून घेतलं. पुढचा प्रश्न मी विचारणार होतो, तेवढ्यात तिनेच विचारला.

"एक म्हणालात. कोणती?"

मी उत्तर दिलं नाही. सुचवून घेतलेलं उत्तर उत्तर नसतं, हेही तूच शिकवलंस. मी म्हणालो, तुमच्या घरी कोणती?



"डावा," ती म्हणाली. "आमच्याकडे डावाच. शेजारी हसायचे. का ते आम्हालाही माहीत नाही. माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून घेतलं. घराबाहेर हे कुणाला ठाऊक नाही."

मी सांगितलं की इथेही डावीच.

ती परत रडली. मग रागावली. "तिने मला हे का नाही सांगितलं? मी तिच्या घरी जेवले. तिच्यासमोर बसले होते." मी तिला शाळेचं सांगितलं, थुंकलेल्या गुळाचं सांगितलं, गल्लीचं सांगितलं. तिला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या आवृत्तीत ओळ येईल असं ती म्हणाली. ती छापून येईल तेव्हा मी मानेन.

पण तू बघ, आक्का, काय झालं ते. एक प्रश्न होता आणि त्याला एका शब्दाचं उत्तर होतं. ती तुझ्या घरी चटणी खात होती तेव्हा तिच्याकडे अर्धं होतं आणि तुझ्याकडे अर्धं. एका वर्गाच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईने तुझं अर्धं तोंडातच ठेवायला लावलं, म्हातारपणापर्यंत. तू हा शब्द ऐकायला नाहीस याचा राग कुणावर काढू ते मला कळत नाही. म्हणून तुझ्यावर काढतो. तू ओरडून परत पाठवायला नाहीस.

गंगव्वा. बेळगावच्या कॅम्पात वारलेल्या एका जर्मन कारागिराच्या दोन मुलांची आई. तो गेल्यावर तिने तंबाखूच्या वखारीत काम करून मुलं वाढवली आणि दर डिसेंबरात त्यांच्या डाव्या चपलेत त्यांच्या बापाच्या घरच्या रीतीने गूळ ठेवला. आडनाव रायनेकर. या नावाचं गाव कुठेही नाही.

दोन्ही बाजू आल्या आहेत, आक्का. छापतो आहे.